अष्टपुत्रीची उरेब पट्टी

बारशाला नाव ठेवायचा मान प्राचीला जाणार आहे, असं वासंतीबाईंनी लेकीला सरळ सांगितलं नाही. त्यांनी ते वरणाबरोबर वाढलं.

"भात घे अजून. आणि हो, दुपटं मात्र तूच शिवायचंस हं. वैशालीताई म्हणत होत्या, मीनाक्षीसारखा हात नाही कुणाचा. नावाचं तेवढं प्राची बघेल. तू तरी एकटी काय काय करणार?"

मीनाक्षीचा घास हातातच राहिला. तिच्या पाठच्या भावाला, सिद्धांतला, मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण परळला वहिनीच्या, म्हणजे ऋग्वेदाच्या माहेरी, तिच्या आईकडे वैशालीताईंकडे होती, आणि बारसं दादरच्या एका लहानशा हॉलमध्ये ठरलं होतं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. सिद्धांतला सख्खी बहीण एकच, आणि ती इथे गिरगावात वरणभात जेवत होती. धडधाकट, स्वतःच्या पगारावर टॅक्सीनं दादरला जाऊ शकणारी. प्राची ही चुलतबहीण. स्वभावाला गोड, दोन मुलांची आई, नवरा ठाकठीक. तिचं क्वालिफिकेशन शेवटचंच, हे मीनाक्षीला न सांगता कळलं.

"प्राची का?" तरीही तिनं विचारलं.

"त्यांच्याकडे सवाष्ण लागते म्हणे. पहिलटकरणीचं बारसं, त्यात वैशालीताईंच्या घरचं. आपण मुलाकडचे असलो तरी प्रत्येक ठिकाणी आपलंच घोडं दामटायचं नसतं."

"आणि दुपटं शिवायला सवाष्ण नाही लागत?"

वासंतीबाई ताक घुसळायला उठल्या. ताक आधीच घुसळलेलं होतं.

मीनाक्षीचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. तो काही गुपचूप झाला नव्हता. तिनं तो मागून घेतला होता, आणि त्या दिवशी कोर्टातून परस्पर ऑफिसला जाऊन कामाला बसली होती. लोअर परळच्या त्या ऑफिसात आज तिच्या हाताखाली माणसं होती. लग्नाच्या हॉलमध्ये हळदीकुंकू फिरताना तिच्यापाशी येऊन करंडा अडखळायचा, हेही तिला सवयीचं झालं होतं. ती स्वतःच कपाळ पुढे करायची आणि समोरचीची पंचाईत करून टाकायची. पण ते परके लोक होते. इथे भाऊ होता, आई होती, आणि जिच्यासाठी ती रोज ऑफिसातून परळला वाकडी वाट करून जात होती ती चिमुरडी होती.

"दुपटं शिवते मी," ती म्हणाली.

वासंतीबाईंना वाटलं, पोरीनं ऐकलं. चाळीस वर्षं जिला वाढवलं तिच्याबद्दल माणसाचे असे गैरसमज असतात.

दुपटं म्हणजे तान्ह्या बाळाची गोधडी. मऊ जुन्या साड्यांचे थर, वर बारीक धावदोरा. मीनाक्षीनं आतले थर आपल्याच सुती साड्यांचे लावले होते आणि धावदोराही घालून झाला होता. अडलं होतं ते कडेला. ऋग्वेदानं फोनवर एक चित्र पाहिलं होतं आणि तिला दुपट्याची कड सरळ नको होती, चारी बाजूंनी अर्धगोल पाकळ्या हव्या होत्या. दिसायला गोड आणि शिवणारीचा जीव काढणारं काम. गोल कडेला सरळ पट्टी लावली की ती वळत नाही, चुण्या पडतात, आणि बाळाच्या गालाला नेमकी चुणीच लागते. तिथे उरेब पट्टीच हवी. शिवणाच्या क्लासात तिला उरेब म्हणतात, दुकानात क्रॉसपट्टी म्हणतात. कापडाच्या उभ्या धाग्यावरून नाही, आडव्यावरून नाही, दोघांना सोडून बरोबर तिरकं कापायचं. तसं कापलं की तेच कापड ताणलं जातं, गोलाईवर वळतं आणि चुणी न पाडता बसतं.

तयार पट्टी तिनं दादरहून आणली होती. ताठर, गुळगुळीत, कसलंसं मिश्र सूत. मीनाक्षीनं ती स्वतःच्या गालावर घासून पाहिली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. नव्या सुती कापडाची कड करकरीत होत होती. तिला धुवून धुवून मेलेलं, तरी विटलेलं नाही, असं पातळ सूत हवं होतं. शक्यतो पिवळं, कारण दुपट्याचे थर निळे-पांढरे होते.

असं कापड घरात होतं. ते कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती इतके दिवस दुकानं पालथी घालत होती.

लग्नात मामा मुलीला पिवळी साडी देतो, गौरीहर पुजताना ती नेसतात, तिला अष्टपुत्री म्हणतात. आठ पुत्रांची आई हो, असा तो आशीर्वादच साडीला नाव होऊन चिकटलेला. मीनाक्षीची अष्टपुत्री मनमोहनमामानं आणली होती. बारीक लाल काठाची, सुती, मामाच्या खिशाला परवडेल अशी आणि मामाच्या नजरेला शोभेल अशी. मामा आता नव्हता. मुलगे आठ सोडा, मीनाक्षीला एकही मूल नव्हतं, आणि ती साडी मात्र वासंतीबाईंच्या कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवलेली होती. दर वर्षी त्या ती काढायच्या, पाण्यातून काढून सावलीत वाळवायच्या, घडी मोडून नव्यानं घालायच्या. मीनाक्षीनं एकदा विचारलं होतं, कशासाठी गं? "असू दे," एवढंच उत्तर आलं होतं. त्या 'असू दे'चा अर्थ मीनाक्षीला कळत होता. आईला अजून वाटत होतं, कुठेतरी जमेल हिचं. साडी पुन्हा नेसायला निघेल. वर्षानुवर्षं आई ती साडी मुलीसाठी धूत नव्हती, न झालेल्या जावयासाठी धूत होती. आणि हे कळूनही काही बोलता येत नव्हतं, याचा मीनाक्षीला सगळ्यात जास्त राग होता.

रविवारी वासंतीबाई बाळाला न्हाऊ घालायला परळला गेल्या. मीनाक्षीनं कपाट उघडलं.

पण साडीला कात्री लावण्याआधी तिनं एका जुन्या चादरीवर तालीम केली, हे तिचं नशीब. पट्ट्या एकेक कापून जोडत बसायचं तर दर हातभरावर जोड येतो. त्यापेक्षा सलग पट्टी काढायची एक युक्ती आहे. चौकोन घ्यायचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापून दोन त्रिकोण करायचे आणि ते सरळ कडेनं असे जोडायचे की तिरपा तुकडा तयार होतो. त्यावर पट्टीच्या रुंदीच्या रेघा आखायच्या. मग तुकड्याची समोरासमोरची टोकं जोडून नळी शिवायची, आणि रेघेवरून गोल गोल कापत जायचं. एका चौकोनातून खोलीभर लांब, अखंड पट्टी निघते.

मीनाक्षीनं नळी शिवली. रेघेला रेघ अशी जुळवली की हिशेब तपासणाऱ्यानं शाबासकी द्यावी. मग कात्री चालवली, आणि हातात पट्टी येण्याऐवजी बांगड्या आल्या. कापडाच्या वेगवेगळ्या, बंद, बिनकामाच्या बांगड्या. तिनं ढीग पाहिला आणि स्वतःलाच एक शिवी हासडली. मग आठवलं. क्लासच्या बाई ओरडून सांगायच्या: जोडताना एक घर सरकवा! रेघ शेजारच्या रेघेला लावा, समोरच्या नाही! टोकाला एक पट्टी मोकळी लोंबली पाहिजे, ती दिसायला चूक दिसली तरी तिथूनच कात्री आत शिरते. नीट जुळवलंत की सगळं बंद.

"नीट जुळवत बसले, तिथेच चुकलं," ती मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

मग तिनं साडी पसरली. लादीवर ती पिवळी लांबी उलगडली. मामा दुकानात उभा राहून "अजून पिवळी दाखवा" म्हणत होता, तो आठवला. मामा गेला त्या वर्षी ती नुकतीच माहेरी परत आली होती, आणि सगळ्या नातेवाइकांत त्यानं एकट्यानं विचारलं होतं, "जेवलीस का?" बाकीच्यांनी 'का आलीस' हेच विचारलं होतं. तिला रडू आलं, आणि ती थोडी रडली. मग नाक पुसून पोलादी पट्टी ठेवली, खडूनं तिरकी रेघ मारली आणि कात्री घातली. उभी फाडली असती तर साडी पुन्हा शिवून साडी झाली असती. तिरकी कापलेली साडी पुन्हा साडी होत नाही. ते तिला माहीत होतं. म्हणूनच तिनं कात्री मधे थांबवली नाही.

कापड फार मऊ होतं, हाताखाली निसटत होतं. तिनं भाताची पेज गाळून पाणी केली, त्यात तुकडे बुडवले, अर्धवट ओले असताना इस्त्री फिरवली. आता ते कागदासारखं ऐकायला लागलं, आणि एका धुण्यात पुन्हा मऊ होणार होतं. यावेळी नळी जोडताना एक घर सरकवलं. कात्री गोल गोल फिरत राहिली आणि मांडीवर पिवळी पट्टी साठत गेली. लाल काठ जिथे जिथे कापला गेला तिथे पट्टीवर तिरका लाल ठसा उमटला होता, मधेच एखादा, अंतरा-अंतरानं.

पट्टी दुमडायची धातूची छोटी नळी तिनं हौसेनं मागवली होती. एका बाजूनं पट्टी घालायची, दुसऱ्या बाजूनं दुमडून बाहेर येते. जाड कापडाला उत्तम. या पातळ सुताचा तिच्यात बोळा होत होता. ती नळी तिनं डब्यात टाकली आणि जुना उपाय केला: इस्त्रीच्या कांबळ्यात एक लांब सुई आडवी खुपसायची, मधे पट्टीपुरती खिंड ठेवायची, पट्टी दोन्ही कडांनी दुमडून त्या खिंडीतून ओढत राहायची आणि मागोमाग इस्त्री चालवायची.

ते चाललं असतानाच बेल वाजली. सिद्धांत होता.

"ताई, दुपटं झालं का बघून ये म्हणाली ऋग्वेदा." तो दारातच घुटमळला. "म्हणजे… ते नावाचं… आईनं सांगितलं ना तुला?"

"सांगितलं. ये, हे टोक धर आणि ओढ. हळू. ताणू नकोस, पसरेल."

सिद्धांतनं पट्टी धरली. हातात काम आलं की त्याला बोलायला सोपं जातं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"दोन मिनिटांचा प्रश्न आहे गं. कोण काय पुटपुटलं कानात, बाळाला काय कळतंय? सासूबाईंचं बीपी आहे, ऋग्वेदा अजून वीक आहे. उगाच सीन नको. मला नाही पटत हे सगळं, तुला माहितेय. पण जाऊ दे ना."

"तुला पटत नाही, तर त्यांना सांगितलंस तसं?"

"आता बारशाच्या तोंडावर काय सांगू?"

"मग कधी सांगणार? तिच्या लग्नात? सिद्धू, तुझी पोर मोठी होईल. उद्या तिचा संसार नाही टिकला, तर तिलाही हळदीकुंकवाच्या वेळी स्वयंपाकघरात बसवशील? तेव्हाही दोन मिनिटांचाच प्रश्न असेल."

सिद्धांतचे कान लाल झाले. तो पट्टी ओढत राहिला. शेवटी विषय बदलायला म्हणून तो म्हणाला, "कापड मस्त आहे हां पण. एकदम सॉफ्ट. कुठून आणलंस?"

"मामाकडून."

"कुठला मामा? दादरचा कोण दुकानदार?"

मीनाक्षी पोट धरून हसली. तिला अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं होतं. पुरुषांना साडी ओळखू येत नाही, याचा फायदा कधीतरी व्हायलाच हवा होता.

बारशाच्या दिवशी ती जांभळी साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून हॉलमध्ये शिरली. वैशालीताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी दुपटं हातात घेतलं, पाकळ्यांवरून बोट फिरवलं आणि मनापासून म्हणाल्या, "अगं बाई, काय सुरेख! एक चुणी नाही. हेच घालते पाळण्यात." बाई वाईट नव्हत्या. त्यांना हात हवा होता, हाताची मालकीण नको होती, एवढंच.

पाळणा फुलांनी सजला होता. बायका भोवती जमल्या, बाळाला पाळण्याच्या खालून-वरून देऊन-घेऊन झालं, गाणी झाली. बाळाला दुपट्यावर निजवलं. वासंतीबाई कौतुकानं वाकल्या, दुपट्याची कड सारखी करायला हात घातला, आणि त्यांचा हात तिथेच राहिला. बोटांखाली ते सूत होतं, आणि पिवळ्यावर तो तिरका लाल ठसा. त्या सावकाश ताठ झाल्या. मीनाक्षीकडे पाहिलं. मीनाक्षीनं नजर चुकवली नाही.

"चला, आत्या कुठे गेली? प्राची, ये पुढे," वैशालीताई म्हणाल्या.

प्राची पुढे आली. मीनाक्षीही पुढे आली.

"प्राची, बाजूला हो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुझ्यावर राग नाही. पण ही माझी भाची आहे."

"मीनाक्षी, अहो, आपलं ठरलंय ना," वैशालीताई हसत हसत, दात न विलगता म्हणाल्या.

"तुमचं ठरलंय. मला कुणी विचारलं नाही. दुपट्याला माझे हात चालले, बाळाला रात्रंदिवस त्यावर निजवायला चालेल. मग तोंडाचाच विटाळ कसा?"

सिद्धांतनं घसा खाकरला. सगळे त्याच्याकडे वळले, तसा त्याला घाम फुटला. पण बोलला. "ताईच ठेवेल नाव. मी… मी आधीच सांगायला हवं होतं." तेवढं पुरे होतं. प्राची दोन पावलं मागे सरकली.

मीनाक्षी पाळण्यावर वाकली. बाळ टक्क जागं होतं. तिनं त्या इवल्या कानाशी ओठ नेले. "कुर्रर्र," ती म्हणाली, आणि आईबापांनी ठरवलेलं नाव हलकेच सांगितलं, "मनवा."

आता आत्याच्या पाठीत धपाटे पडायला हवे होते. ती रीतच आहे. आत्या कानात कुर्र करते आणि भोवतीच्या बायका तिच्या वाकलेल्या पाठीत धपाधप गुद्दे घालतात, हशा पिकतो, आणि मग नाव ठेवलं गेलं असं सगळे मानतात. पण एकही हात उठला नाही. बायका वैशालीताईंकडे बघत होत्या, आणि वैशालीताई फुलांकडे.

मीनाक्षी वाकूनच राहिली. कंबर भरून आली. गजरा सुटून मानेवर लोंबला. बाळानं तिच्या नाकावर मूठ मारली.

"धपाटा पडल्याशिवाय आत्या उठत नाही," ती वाकल्या वाकल्या म्हणाली. "मला घाई नाही. जेवणं थंड झाली तरी चालतील."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. मीनाक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण वाकलेल्या माणसाचे डोळे कुणाला दिसत नाहीत, आणि उठायचं नाही हे तिचं ठरलं होतं.

आणि मग तिच्या पाठीत असा काही धपाटा बसला की तिचा श्वास अडकला.

"अष्टपुत्री कापलीस!" वासंतीबाई ओरडल्या. "कार्टे! माझ्या भावाची साडी ती!" दुसरा धपाटा. "इतकी वर्षं जपली मी!"

"मामानं मला दिली होती, आई," मीनाक्षी पाळण्यातूनच म्हणाली. "कपाटाला नाही."

वासंतीबाईंचा हात वर गेला होता तो तसाच थांबला. त्यांनी एकदा त्या पिवळ्या कडेकडे पाहिलं, तिच्यावर पाय झाडणाऱ्या नातीकडे पाहिलं, आणि वर गेलेला हात तिसऱ्यांदा खाली आणला. हा सगळ्यात जोरात होता.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

"लागलं."

"मग ऊठ आता." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि भोवतीच्या बायकांकडे वळल्या. "बघत काय राहिलात? नाव मनवा. आत्यानं ठेवलंय. पेढे वाटा."